ओखी, २०१७ : वादळ दिसत होतं, इशारा कुठे अडला?

२९ नोव्हेंबर २०१७ च्या सकाळी साडेआठ वाजता भारतीय हवामान विभागाने श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ एका डिप्रेशनची, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीच्या कमी दाबाच्या अवस्थेची, नोंद केली. चोवीस तासांनी, ३० तारखेच्या सकाळी, त्याचं चक्रीवादळ झालं होतं आणि केंद्र कन्याकुमारीपासून शंभर किलोमीटरच्या आत होतं. १ डिसेंबरच्या दुपारी ते अतितीव्र चक्रीवादळाच्या गटात गेलं. २ तारखेपर्यंत मिनिकॉयजवळून लक्षद्वीप ओलांडून ते अरबी समुद्रात पुढे गेलं, मग उत्तरेकडे वळलं, वाटेत विरत गेलं आणि ५ डिसेंबरच्या रात्रीनंतर सुरत ते डहाणूच्या पट्ट्यात कमी दाबाचं साधं क्षेत्र म्हणून जमिनीवर आलं. नाव ओखी, बांगलादेशाने सुचवलेलं.

केरळ आणि तमिळनाडूत मिळून मृत आणि बेपत्ता मच्छीमारांचा आकडा शेकड्यांत गेला. त्यातले बरेच जण कधीच सापडले नाहीत. वादळ उत्तरेला सरकल्यावर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मात्र असं काहीच घडलं नाही, उलट दक्षिणेकडच्या नौकांनी देवगडच्या बंदरात आसरा घेतला. वादळ एकच, त्याच्यावर नजर ठेवणारी यंत्रणाही एकच, आणि दोन किनाऱ्यांवरचे परिणाम इतके वेगळे. म्हणूनच हे प्रकरण अभ्यासायला हवं. ओखीबद्दल जो वाद गाजला तो एवढाच होता की इशारा वेळेवर दिला की नाही. माझ्या मते तो प्रश्न अपुरा आहे. इशारा कोणासाठी, समुद्रात किती आतपर्यंत आणि कोणत्या साधनाने, हे विचारल्याशिवाय या मृत्यूंचा उलगडा होत नाही.

नजर ठेवणारे कोण होते

उष्णकटिबंधातल्या चक्रीवादळांवर लक्ष ठेवण्यासाठी जागतिक हवामान संघटनेने महासागर वाटून दिले आहेत. मायामी, होनोलुलू, टोकियो, नवी दिल्ली, ला रियुनियन आणि नाडी या सहा प्रादेशिक केंद्रांकडे ही मुख्य जबाबदारी आहे. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र नवी दिल्लीकडे येतात. म्हणजे ओखीबाबत भारतीय हवामान विभाग फक्त भारतासाठी काम करत नव्हता. श्रीलंका आणि मालदीवलाही माहिती त्याच्याकडूनच जात होती.

साधनांची वानवा नव्हती. इन्सॅट-३डी आणि इन्सॅट-३डीआर हे दोन उपग्रह आळीपाळीने प्रतिमा पाठवत होते, त्यामुळे दर पाव तासाला ढगांचं चित्र मिळत होतं. समुद्राच्या पृष्ठभागावरचा वारा मोजणारा इस्रोचा स्कॅटसॅट-१ त्याआधीच्या वर्षीच अवकाशात गेला होता. समुद्रात नांगरलेल्या बोया होत्या, किनाऱ्यावर डॉप्लर रडार होते. हैदराबादचं इन्कॉइस हे महासागर माहिती केंद्र लाटांच्या उंचीचे अंदाज देत होतं. अमेरिकेकडे असतं तसं वादळाच्या पोटात शिरून मोजमाप करणारं विमान आपल्याकडे नव्हतं, ही मोठी उणीव. तरीही ओखी कोणाच्या नजरेतून निसटलं असं म्हणता येणार नाही. ते जन्मल्यापासून दिसत होतं.

उपग्रहाच्या चित्रावरून वादळाची ताकद ठरवायची पद्धत १९७० च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक यांनी घालून दिली. ढगांची गुंडाळी किती घट्ट आहे, केंद्र ढगाखाली आहे की उघडं, माथ्यावरचं तापमान किती, यावरून एक आकडा काढतात. दीड म्हणजे डिप्रेशन, अडीच म्हणजे चक्रीवादळ. या हिशेबात दिवसाला एक आकडा वाढणं ही सर्वसाधारण गती आहे. ओखीने २९ ते ३० नोव्हेंबर या चोवीस तासांत हेच केलं. त्याचा जन्म अचाट वेगाने झाला असं लिहिलं गेलं आणि पुढचे दीड दिवस ते खरंही होतं. पण पहिल्या चोवीस तासांत विलक्षण होती ती जागा. उपसागराच्या मध्यावर जन्मलेल्या वादळाला किनाऱ्यापर्यंत यायला तीन-चार दिवस लागतात. तिथे एक आकडा वाढला तरी पुढे वेळ उरतो. ओखी श्रीलंकेला खेटून जन्मलं, बेटाच्या दक्षिण अंगाने सरकलं आणि कुमारी अंतरीपाच्या समुद्रात आलं तेव्हा ते चक्रीवादळ झालं होतं. एका बाजूला श्रीलंका, दुसऱ्या बाजूला भारताचं टोक. वाढायला लागणारा काळ आणि पोहोचायला लागणारा काळ एकच होता.

त्यात त्या भागात वादळं फार क्वचित येतात. केरळच्या किनाऱ्याला चक्रीवादळाची सवय नव्हती, ना प्रशासनाला, ना मच्छीमारांना.

जमिनीवरून मोजलेले तास

भारताची इशारा देण्याची पद्धत चार टप्प्यांची आहे. साधारण ७२ तास आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांना पूर्वसूचना. किनाऱ्यावर हवा बिघडायच्या किमान ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा. २४ तास आधी वादळाचा इशारा. आणि जमिनीवर येण्याच्या सुमारे १२ तास आधी आतल्या जिल्ह्यांसाठी पुढचा अंदाज. ही पद्धत ओडिशाने सिद्ध करून दाखवली आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलीन गोपाळपूरजवळ धडकलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. या यशाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

पण हे सगळे तास किनाऱ्यापासून उलटे मोजलेले आहेत. वादळ येणार, जमिनीला लागणार, तिथे राहणाऱ्या माणसांना उठवून निवाऱ्यात न्यायचं, असं चित्र डोळ्यासमोर ठेवून ते ठरले. ओखी केरळच्या किंवा तमिळनाडूच्या जमिनीवर आलंच नाही. ते किनाऱ्याला समांतर समुद्रातून निघून गेलं. कन्याकुमारी जिल्ह्यात झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले, पण बहुतेक माणसं गेली ती पाण्यात. त्या माणसांसाठी वादळ धडकायची जागा म्हणजे ती ज्या क्षणी जिथे होती तीच. आणि ती जागा कोणत्याही नकाशावर नव्हती.

जाहीर वाद असा झाला. हवामान विभागाचं म्हणणं, २९ तारखेपासूनच समुद्र खवळेल, मच्छीमारांनी जाऊ नये अशा सूचना दिल्या होत्या. केरळ सरकारचं म्हणणं, चक्रीवादळ असल्याची पहिली स्पष्ट सूचना ३० तारखेच्या दुपारी बाराच्या सुमारास आली. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने आधार होता. नोव्हेंबरात ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत दक्षिण टोकाला वाऱ्याचा आणि खवळलेल्या समुद्राचा इशारा वरचेवर निघतो. असा प्रत्येक इशारा पाळला तर महिन्यातले किती दिवस बोट बाहेर पडेल, हा मच्छीमाराचा सरळ हिशेब असतो. नेहमीच्या पातळीची सूचना मिळाली की नेहमीसारखाच प्रतिसाद मिळतो. जिल्हा प्रशासनाचंही तेच. त्यांची सगळी धावपळ चक्रीवादळ जाहीर होण्याशी बांधलेली होती, आणि ते जाहीर झालं तेव्हा वारा दारात होता.

समुद्रात कोण होतं

इथून पुढे या प्रकरणाचे दोन भाग करावे लागतात. बातम्यांत सगळे 'मच्छीमार' एकत्र मोजले गेले. प्रत्यक्षात समुद्रात अगदी भिन्न प्रकारे जगणारे दोन समूह होते आणि त्यांच्या बाबतीत यंत्रणा दोन वेगवेगळ्या ठिकाणी तुटली.

पहिला समूह तिरुवनंतपुरमजवळच्या पूंथुरा, विळिंजमसारख्या वस्त्यांतला. फायबरच्या लहान बोटी, मागे लावलेलं इंजिन, बोटीत मोजकी माणसं. संध्याकाळी निघायचं, रात्रभर मासेमारी करायची आणि सकाळी मासळी बाजाराच्या वेळेला परतायचं. हे लोक २९ च्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे गेले. ३० च्या पहाटे आणि सकाळी वाऱ्याने त्यांना गाठलं. यांच्या बाबतीत इशाऱ्याची वेळ आणि पातळी हाच जीवनमरणाचा मुद्दा होता. २९ च्या दुपारी 'उद्या सकाळी इथे चक्रीवादळ असण्याची शक्यता आहे, आज बोट काढू नका' अशी ठाम सूचना वाड्यावस्त्यांत, चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून गेली असती तर बोटी वाळूवरच राहिल्या असत्या. त्यासाठी कोणतंही नवं यंत्र लागत नव्हतं. हवा होता तो चोवीस तास पुढचा निर्भीड अंदाज. 'चक्रीवादळ झालं आहे' हे सांगण्यासाठी ते होईपर्यंत थांबावं लागतं. 'होऊ शकतं' हे आधी सांगता येतं, मात्र तसं सांगायची रीत तेव्हा रुळलेली नव्हती.

दुसरा समूह कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूर परिसरातला. केरळच्या सीमेला लागून किनाऱ्यावर एका ओळीत वसलेली ही गावं खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी देशभर ओळखली जातात. शार्क आणि टूना हे त्यांचं मासळीचं लक्ष्य. लांब दोरीला शेकडो गळ लावून ही मासेमारी होते. मोठ्या नौका बर्फ, डिझेल आणि शिधा भरून निघतात आणि कित्येक आठवडे परतत नाहीत. बंदरही आपल्या गावचं नसतं. कोची, मंगळूर, गोवा, जिथून परवडेल तिथून निघायचं. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांच्यापैकी अनेक जण लक्षद्वीपच्या आसपास आणि त्याच्याही पलीकडे होते. ओखी नेमकं त्याच पाण्यात शिरलं आणि तिथेच त्याने आपला सर्वाधिक जोर गाठला. वाऱ्याचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या घरात गेला.

या नौका निघाल्या तेव्हा आकाशात काहीच नव्हतं. त्यांच्यासाठी २९ ची सूचना आणि ३० ची सूचना यात काडीचा फरक नव्हता, कारण दोन्ही त्यांच्यापर्यंत पोहोचणार नव्हत्या. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर आत गेलं की मोबाइल बंद पडतो. नौकेवरचा व्हीएचएफ वायरलेस सरळ रेषेत चालतो. पृथ्वीची गोलाई आड येते आणि तीस-चाळीस किलोमीटरनंतर किनाऱ्याचा आवाज संपतो. पुढे एका नौकेने दुसरीला, दुसरीने तिसरीला सांगायचं. अशा साखळीने काही नौकांना खबर मिळते; साखळीतली एक कडी दूर असली की पुढचे सगळे अंधारात.

त्याच पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाची गोष्ट मात्र वेगळी होती. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अशा जहाजांवर उपग्रहावरून सुरक्षा संदेश घेणारी यंत्रणा असावीच लागते, आणि भारतीय हवामान विभाग त्यांच्यासाठी नियमित संदेश प्रसृत करतो. म्हणजे भर समुद्रात इशारा पोहोचवायचं तंत्र होतं, चालू होतं आणि वापरातही होतं. ते मच्छीमाराच्या नौकेपर्यंत आणलेलं नव्हतं, इतकंच. उपग्रह फोन स्वतः विकत घ्यावा म्हटलं तर आपल्याकडे त्याला सरकारी परवानगी लागते; सुरक्षेच्या कारणांनी हे नियम कडक आहेत. काही शे किलोमीटर आत जाणाऱ्या दहा-पंधरा माणसांच्या नौकेला संदेश ऐकायचा कायदेशीर आणि परवडणारा मार्गच नव्हता. ओखीच्या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते. इथे निसर्गाचा अंदाज चुकला नव्हता. समुद्रात कुणाचा जीव किती मोलाचा धरायचा, हे नियमांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

समजा, संदेश पोहोचला असता. तरी हिशेब करून पाहू. अशी नौका ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास चालते. किनाऱ्यापासून ३६० किलोमीटरवर असेल तर परतायला पूर्ण एक दिवस हवा, तोही शांत समुद्रात. म्हणजे २४ तासांचा इशारा, जो गावासाठी पुरेसा धरला जातो, तो या नौकेसाठी संपल्यात जमा. शिवाय घराकडे वळायचं म्हणजे सरळ वादळाच्या वाटेवर येणं. पूर्वेकडून वादळ पश्चिमेला सरकत असताना पूर्वेकडे परतणारी नौका त्याला सामोरीच जाते. तिला 'परत या' हा निरोप उपयोगाचा नाही. तिला हवं असतं ते हे : वादळ आत्ता कुठे आहे, कोणत्या दिशेला किती वेगाने जातंय, आणि तू उत्तरेला पळायचं की दक्षिणेला. किनाऱ्यावरच्या माणसाला एक सूचना सगळ्यांसाठी चालते. समुद्रात तीच सूचना एकाला वाचवते आणि दुसऱ्याला खोल ढकलते.

किती गेले, हे कुणालाच माहीत नव्हतं

नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दल शोधाला उतरले तेव्हा पहिली अडचण वेगळीच निघाली. शोधायचं किती जणांना? रोज सुटणाऱ्या लहान बोटींची कुठे नोंद नव्हती. मोठ्या नौका एका राज्यात नोंदलेल्या, दुसऱ्या राज्याच्या बंदरातून निघालेल्या, आणि त्यांवरचे खलाशी कधी तिसऱ्या राज्यातले, आसाम-ओडिशासारख्या भागांतून आलेले. सरकारी याद्या आणि चर्चने घरोघर फिरून केलेल्या याद्या जुळत नव्हत्या. बेपत्तांचा आकडा कित्येक दिवस वर-खाली होत राहिला. काही जण दूरच्या बंदरात सुखरूप असायचे आणि घरी कळलेलं नसायचं. काहींचं नाव कोणत्याच यादीत नसायचं.

२ डिसेंबरला महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला ६८ नौका आणि ९५२ मच्छीमार सुखरूप लागल्याचं जाहीर केलं. त्यांत बहुतेक नौका केरळच्या आणि काही तमिळनाडूच्या. त्या यादीसाठी दक्षिणेतल्या गावांत किती जीव टांगणीला लागले असतील! ती बातमी येईपर्यंत हे लोक कुठे आहेत, हे त्यांच्या राज्याच्या सरकारला ठाऊक नव्हतं. भारताचे उपग्रह पाव तासाला वादळाचं केंद्र सांगत होते. शेकडो नौकांचा ठावठिकाणा सांगणारं काहीच नव्हतं. आपत्तीवर नजर ठेवायची म्हणजे संकट आणि माणसं दोन्ही एकाच नकाशावर दिसायला हवीत. ओखीच्या वेळी त्या नकाशाचा अर्धा भाग कोरा होता.

बेपत्ता माणसाच्या घरी पुढचा प्रश्न कागदाचा असतो. आपल्या पुरावा कायद्यात सात वर्षं माणसाचा ठाव लागला नाही तर त्याला मृत मानता येतं. समुद्रात गेलेल्याचा मृतदेह नाही, म्हणून दाखला नाही, म्हणून मदत नाही. केरळने इथे शहाणपण दाखवलं. सात वर्षांची वाट न बघता बेपत्तांच्या कुटुंबांनाही मृतांच्या कुटुंबांइतकीच, वीस लाख रुपयांची मदत देण्याचा निर्णय घेतला.

तेच वादळ, उत्तरेच्या किनाऱ्यावर

३ डिसेंबरनंतर ओखी उत्तरेकडे वळणार हे स्पष्ट झालं. इथे यंत्रणेने जे केलं ते नमुनेदार होतं. मार्गाचा अंदाज गेल्या दोन दशकांत बराच सुधारला आहे आणि तयार झालेल्या वादळाचा माग काढणं हे आपल्या विभागाचं बलस्थान आहे. किनाऱ्याच्या बंदरांवर धोक्याचे बावटे चढले, नौकांना परत बोलावलं गेलं, समुद्रात जाऊ नका हा निरोप मच्छीमार सोसायट्यांपर्यंत गेला. ५ डिसेंबरला मुंबईसह किनारी जिल्ह्यांतल्या शाळांना सुट्टी दिली. डिसेंबरात मुंबईत धो धो पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन होता. चैत्यभूमीसाठी शिवाजी पार्कवर आलेल्या हजारो लोकांचे मंडप भिजले आणि महापालिकेला त्यांची सोय शाळांमध्ये करावी लागली. वादळ तोवर थंड पाण्यावर आणि प्रतिकूल वाऱ्यात येऊन विरत गेलं होतं.

या भागाचं श्रेय देताना एक गोष्ट विसरता कामा नये. महाराष्ट्राला तीन दिवस मिळाले, केरळला तीन दिवस मिळाले नाहीत. यंत्रणेची परीक्षा उत्तरेला झालीच नाही. ती दक्षिणेला झाली होती. मिळालेले दिवस नीट वापरणं ही कौतुकाचीच बाब आहे, पण तिच्यावरून दक्षिणेतल्या प्रशासनाची तुलना करणं अन्यायाचं आहे.

नंतर काय बदललं

बदल झाले, आणि ते कागदावरचे नाहीत. गृह खात्याशी संबंधित संसदीय स्थायी समितीने २०१८ मध्ये ओखीवर स्वतंत्र अहवाल दिला. तिरुवनंतपुरमला चक्रीवादळ इशारा केंद्र सुरू झालं. त्याआधी तो किनारा चेन्नईच्या केंद्राकडे पाहत होता. हवामान विभाग आता वादळ तयार होण्याची शक्यता कित्येक दिवस आधी टक्क्यांच्या भाषेत आणि नकाशावर सांगतो. पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी निघतो. मच्छीमारांसाठीच्या सूचना पाच दिवसांच्या झाल्या आणि त्यांत समुद्राचा कोणता पट्टा टाळायचा हे रंगवून दाखवलेलं असतं. ज्या निर्भीड अंदाजाची २९ च्या दुपारी गरज होती, त्याच्या जवळ जाणारी ही पद्धत आहे.

खोल समुद्रासाठी दोन साधनं आली. इस्रोने 'नाविक' या भारतीय दिशादर्शन उपग्रहांवरून आलेले संदेश घेणारे संच केरळ-तमिळनाडूतल्या नौकांना दिले. इन्कॉइस आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून जेमिनी नावाचं उपकरण ऑक्टोबर २०१९ मध्ये आणलं. विमानांच्या मार्गदर्शनासाठी असलेल्या गगन उपग्रहसेवेवरून ते संदेश घेतं आणि ब्लूटूथने मोबाइलवर दाखवतं. मासे कुठे मिळतील याचीही माहिती त्यातच येते, ही फार समजूतदार रचना आहे. वर्षातून एकदा उपयोगी पडणारं यंत्र पेटीत पडून राहतं. रोज धंद्याला लागणारं यंत्र चालू असतं आणि मग वादळाच्या दिवशीही ते चालूच असतं.

दोन्ही साधनं एकमार्गी होती. निरोप जायचा, पोहोचला की नाही हे कळत नव्हतं, नौका कुठे आहे तेही नाही. २०१० पासून वापरात असलेलं संकटसंदेशाचं यंत्र उलट दिशेने एकमार्गी होतं : बटण दाबलं तर किनाऱ्याला कळायचं, पण कळल्याचं उत्तर नौकेला यायचं नाही. बुडत्या नौकेवर बटण दाबून बसलेल्या माणसाला आपलं कुणी ऐकलं का हे समजू नये, याहून वाईट काय असेल? जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने या यंत्राची दुसरी पिढी आणली, तिच्यात पोच मिळते आणि इशारेही येतात. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या एक लाख नौकांवर दुतर्फा संवादाचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. नौकेचं स्थान किनाऱ्याला दिसणार, किनाऱ्याचा निरोप नौकेला जाणार. नकाशाचा कोरा राहिलेला अर्धा भाग भरायची ही पहिली खरी सोय.

यंत्र न सोडवणारा भाग

मे २०२१ मधलं तौक्ते चक्रीवादळ इथे आठवावं लागतं. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ ही कामगारांची तराफा-नौका नांगर तुटून भरकटली आणि १७ मे रोजी बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. त्यांतली अनेक वाचली नाहीत. या वेळी इशारा कित्येक दिवस आधी होता, पोहोचलाही होता, संपर्काची साधनं होती. कमी पडला तो काम सोडून परत फिरण्याचा निर्णय. म्हणजे ओखीत जी साखळी मध्यावर तुटली, ती दुरुस्त झाली तरी शेवटच्या कडीवर तुटू शकते.

मच्छीमारांच्या बाबतीत ही शेवटची कडी पैशाची आहे. खोल समुद्रातल्या फेरीसाठी डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांची उचल यांवर नौकामालक बराच पैसा आधीच ओतून बसलेला असतो. आपण वर हिशेब केला तसा या नौकांना २४ तास पुरत नाहीत. त्यांना तीन-चार दिवस आधी सांगायला हवं. पण इतक्या आधी सांगितलेल्या अंदाजांतले काही अंदाज खोटे ठरणारच. कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि विरून जातं, हे उष्णकटिबंधातल्या समुद्रावर नेहमीचं आहे. ३० टक्के शक्यता आहे म्हणून दहा वेळा परत फिरलं, तर साधारण सात वेळा फेरी वाया जाणार. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने तो अंदाज अगदी बरोबर. तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्याच्या, दृष्टीने सात फेऱ्यांचं नुकसान. आठव्या वेळी तो परतेल का, हे उपग्रहावर अवलंबून नाही.

म्हणून इशाऱ्यामुळे वाया गेलेल्या फेरीची भरपाई हा हवामान यंत्रणेचाच एक भाग मानावा, असं माझं ठाम मत आहे. ट्रान्सपॉन्डरमुळे आता हे मोजता येईल : संदेश किती वाजता पोहोचला, नौका किती वाजता वळली, कोणत्या बंदराला लागली. ही नोंद दाखवून डिझेल आणि बर्फाचा खर्च ठरावीक मुदतीत मिळाला, तर परत फिरणं हा तोट्याचा निर्णय राहणार नाही. आणि नौका दुसऱ्या राज्याच्या बंदरात लागली तरी तिथे तिला जागा, पाणी आणि राहिलेली मासळी विकायची मुभा मिळेल, असा करार किनारी राज्यांनी आपसात आधीच करून ठेवायला हवा. देवगडला ते माणुसकीने झालं. पुढच्या वेळी कदाचित एकाच दिवशी पाचशे नौका एखाद्या बंदराकडे वळतील, आणि त्या बंदरात इतक्या नौका बांधायला धक्का पुरेल का, हे आजपासून मोजून ठेवता येण्यासारखं आहे.